कुत्र्याचे जंत आणि आपली लेकरे



आज आम्ही तुमच्याशी कुत्र्याच्या जंतांविषयी बोलणार आहोत. विषय सांगताच मागे कोणीतरी हसले, ते आम्ही ऐकले. हसू येणारच. कुत्र्याच्या पोटातले जंत, ही काय सभेत बोलायची गोष्ट झाली? कुत्र्याचे जंत कुत्र्यापाशी, आपल्याला त्याचे काय?

पण मंडळी, हे जंत कुत्र्यापाशी राहत नाहीत. त्यांची अंडी आपल्या अंगणात पडतात. अंगणातल्या मातीतून ती लेकराच्या हाताला लागतात. हातावरून तोंडात जातात. पुष्कळदा पुढे काही होत नाही. पण कधी लेकरू महिना महिना आजारी राहते. आणि एखाद्या लेकराचा एक डोळा कायमचा जातो. म्हणून हा विषय आम्ही आज घेतला.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आम्ही कुत्र्याचे वैरी नाही. आपल्या खंडोबापाशी कुत्रा असतो. दत्ताच्या पायाशी तर चार असतात. नामदेवांची भाकर कुत्र्याने पळवली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकलीच आहे. धनगराला विचारा, कुत्र्याशिवाय त्याची रात्र कशी जाते. तेव्हा कुत्र्याला हाकला, कुत्र्याला मारा, असे आम्ही सांगणार नाही. कुत्रे राहील आणि लेकरूही सुखरूप राहील, असा रस्ता आहे. तो फार अवघडही नाही. पण त्यासाठी हा जंत कसा जगतो ते नीट समजून घ्यावे लागेल. जरा लक्ष देऊन ऐका.

जंत म्हटले की आपल्याला मुलांचे जंत आठवतात. मूल रात्री दात खाते, पोट दुखते म्हणते. मग आजी म्हणते, गोड फार खातो, जंत झाले असतील. आता, गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. मोठे जंत होतात ते जंताची अंडी पोटात गेल्याने. माणसाच्या आतड्यात राहणारा लांब पांढरा जंत माणसाच्याच विष्ठेतून पसरतो. त्यासाठी शाळेत आणि अंगणवाडीत मुलांना गोळी देतात. २०१५ सालापासून सरकारने तिच्यासाठी खास दिवस ठरवून दिले आहेत. ती गोळी मुलांना जरूर द्या. पण तो जंत वेगळा आणि आज आम्ही सांगतो तो जंत वेगळा. दोघे दिसायला भाऊबंद, पण एकाचे घर माणसाचे पोट, दुसऱ्याचे घर कुत्र्याचे पोट.

या दुसऱ्या जंताला डॉक्टर लोक टॉक्सोकॅरा म्हणतात. नाव अवघड आहे, विसरलात तरी चालेल. आपण त्याला कुत्र्याचा जंत म्हणू.

हा जंत कसा दिसतो? शिजवलेल्या शेवईसारखा. पांढरट, गोल, दोन्ही टोकांना निमुळता. लांबी बोटभर, मादी असली तर जवळजवळ वीतभर. तो पिल्लाच्या आतड्यात राहतो आणि पिल्लाने खाल्लेल्या अन्नावर जगतो. तुम्ही अशी पिल्ले पाहिली आहेत. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. केसांना तकाकी नाही. कधी ओकारीतून जंत पडतो, कधी विष्ठेतून. आपण म्हणतो, पिल्लाने दूध फार प्याले म्हणून पोट फुगले. दूध नव्हे, जंत. जंत फार झाले तर आतडे तुंबते आणि पिल्लू मरते.

तुम्ही म्हणाल, पिल्लू तर दोन आठवड्यांचे. डोळे आत्ता उघडले. ते बाहेर कुठे गेले नाही, आईच्या दुधाशिवाय त्याने काही खाल्ले नाही. मग त्याच्या पोटात जंत आले कुठून?

ते आईकडूनच येतात. मोठ्या कुत्र्याच्या पोटात जंताची अंडी गेली, तर अंड्यांतून बारीक अळ्या निघतात. त्यांतल्या बऱ्याचशा आतड्यात जंत होऊन राहत नाहीत. त्या आतड्याची भिंत भेदून मांसात शिरतात आणि तिथे झोपून राहतात. किती दिवस? महिने, वर्षेसुद्धा. कुत्री दिसायला धडधाकट असते. विष्ठा तपासली तरी तीत काही सापडत नाही. मग ती गाभण राहते. कुत्रीचे पोट साधारण ६३ दिवसांचे. त्यातले सहा आठवडे झाले की या झोपलेल्या अळ्या जाग्या होतात. त्या रक्तातून निघतात, वारेतून पलीकडे जातात आणि जन्मायच्या आधीच पिल्लांच्या अंगात शिरतात. राहिलेल्यांतल्या काही नंतर दुधातून जातात. म्हणजे पिल्लू जगात येते तेच जंत घेऊन. आईला आधी औषध दिले असले तरी हे चुकत नाही. कारण नेहमीचे औषध आतड्यातल्या जंताला मारते. मांसात झोपलेल्या अळीपर्यंत ते पोचत नाही.

म्हणून आम्ही सांगतो, प्रत्येक पिल्लाला जंत आहेत असेच धरून चाला. पिल्लू गुटगुटीत असो, पाटलांच्या वाड्यातले असो, की उकिरड्यावरचे असो. तपासून बघू, मग औषध देऊ, असे म्हणत बसू नका.

आता दिवसांचा हिशेब बघा. जन्मलेल्या पिल्लाच्या अंगातल्या अळ्या यकृतातून फुप्फुसात जातात. तिथून खोकल्याबरोबर घशात येतात. पिल्लू त्या गिळते आणि त्या आतड्यात उतरतात. तिथे त्यांचे जंत होतात. हे सारे व्हायला तीन आठवडे पुरतात. तिसऱ्या आठवड्यात पिल्लाच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. एक मादी जंत दिवसाला किती अंडी घालते? दोन लाखांपर्यंत. एका पिल्लाच्या पोटात असे अनेक जंत आणि एका वितीत पाच-सहा पिल्ले. गुणाकार तुमचा तुम्ही करा. आता तुम्हाला तो येतो.

ही अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. पट्टीवर मिलिमीटरची बारीक रेघ असते ना? दोन रेघांमधल्या जागेत दहा-बारा अंडी ओळीने मावतील. त्यांचे कवच जाड असते. वरून चिकट असते, त्यामुळे ती बोटांना, खेळण्याला, भाजीच्या पानाला चिकटून राहतात. फिनेल टाकले तरी मरत नाहीत. ओलसर सावलीच्या मातीत ती महिनेच्या महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतात. विष्ठा पावसाने वाहून जाते, तिचा मागमूस राहत नाही. अंडी मात्र मातीत तशीच असतात. कडक ऊन आणि कोरडेपणा त्यांना सोसत नाही. उकळते पाणी तर मुळीच नाही. पण आपले लेकरू खेळते कुठे? उन्हात नाही, सावलीतच. आंब्याखाली, गोठ्याच्या आडोशाला, न्हाणीमागे. कुत्रीही तिथेच बसते.

एक गोष्ट मात्र आपल्या सोयीची आहे. ती नीट ध्यानात ठेवा. आज पडलेल्या विष्ठेतले अंडे आज बाधत नाही. ते कच्चे असते. मातीत पडल्यावर त्याच्या आत अळी तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मगच ते बाधते. आपली समजूत उलटी असते. ताजी घाण दिसली की आपण लेकराला ओढून घेतो, आणि जिथे महिन्यापूर्वी घाण होती, आता दिसायला स्वच्छ आहे, तिथे त्याला खुशाल सोडतो. या जंताच्या बाबतीत ताजी घाण बरी, जुनी माती वाईट. याचाच दुसरा अर्थ असा की रोजची विष्ठा रोज उचलली तर अंडे पिकायला वेळच मिळत नाही.

समजा, असे पिकलेले अंडे लेकराच्या पोटात गेले. पुढे काय होते?

आतड्यात अंडे फुटते आणि अळी बाहेर येते. ती कुत्र्याचे शरीर शोधत असते, पण सापडते माणसाचे. परक्या गावात रात्री शिरलेल्या माणसाला घर सापडले नाही की तो गल्लोगल्ली हिंडतो, तशी ती हिंडते. आतड्याची भिंत भेदते, रक्तात जाते. रक्त नेईल तिथे जाते. यकृतात, म्हणजे बोकडाच्या बाबतीत आपण ज्याला कलेजी म्हणतो तिथे. फुप्फुसात. कधी मेंदूत. कधी डोळ्यात. माणसाच्या अंगात तिचा जंत कधीच होत नाही. म्हणून माणसाच्या विष्ठेत हा जंत पडत नाही आणि विष्ठा तपासूनही तो सापडत नाही. अंगातले रक्षक तिच्याशी झगडतात आणि तिच्याभोवती लहानशी गाठ करतात.

अळ्या थोड्या असल्या तर बहुधा काहीच जाणवत नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो. उगाच कोणी घाबरून जाऊ नये. ज्यांच्या अंगात या अळ्या गेल्या त्यांतल्या बहुतेकांना ते कधी कळतही नाही. पण लेकरू माती खाणारे असले आणि पुष्कळ अंडी पोटात गेली तर ताप येतो आणि रेंगाळतो. खोकला लागतो, दम्यासारखी धाप लागते. पोट दुखते, यकृत सुजते. अंगावर पुरळ उठते. मूल मलूल होते, जेवत नाही. घरचे म्हणतात, नजर लागली. असे मूल डॉक्टरकडे न्याल तेव्हा दोन गोष्टी आपणहून सांगा. घरात किंवा दारात कुत्र्याची पिल्ले आहेत का, आणि मूल माती खाते का. डॉक्टरला पुढचा रस्ता त्यावरून सापडतो. या दुखण्यात रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी फार वाढतात. ते रक्त तपासून कळते. या अळीची खूण दाखवणारी वेगळी तपासणीही असते. औषध आहे आणि गुणही येतो. शाळेत देतात त्याच जातीचे औषध पुष्कळदा वापरतात. पण इथे एक गोळी पुरत नाही, काही दिवस घ्यावे लागते. किती आणि किती दिवस, ते डॉक्टरने ठरवायचे. शाळेतली गोळी घेतली होती, आता हा धोका नाही, असे समजू नका.

आता डोळ्याचे सांगतो. यकृत मोठे असते. त्यात एखादी बारीक गाठ झाली तर ते सोसते. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो तो कागदासारखा पातळ. त्याच्यावर एका अळीची एक गाठ झाली तरी नजर जाते. बहुधा एकाच डोळ्याला हे होते. आणि तिथेच फसगत होते. दुसरा डोळा चांगला असतो, म्हणून लेकरू चालते, खेळते, धडपडत नाही. लहान मुलाला कुठे कळते की मला एका डोळ्याने दिसत नाही? ते काही बोलत नाही. शाळेत गेल्यावर केव्हातरी उघडकीला येते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून आयाबहिणींनी एवढे करावे. अधूनमधून खेळता खेळता लेकराचा एक डोळा तळहाताने झाका आणि समोर खाऊ धरा. मग दुसरा डोळा झाका. एक डोळा झाकला की मूल कुरकुरते, हात ढकलते, आणि दुसरा झाकला की खुशाल राहते, असे झाले तर समजा की काहीतरी बिनसले आहे. ज्याला झाकूनही मूल खुशाल राहते, तो डोळा अधू असेल. डोळा तिरळा होऊ लागला, किंवा बुबुळाच्या मध्ये पांढरी झाक दिसू लागली, तरी तेच. लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. अशी पांढरी झाक दुसऱ्या दुखण्यातही येते, डोळ्याच्या कर्करोगातही येते. दोन्हींत वेळ घालवून चालत नाही.

या दोन दुखण्यांची गल्लत मोठ्या मोठ्या डॉक्टरांचीही झालेली आहे. त्यातूनच तर हा जंत माणसाला बाधतो हे उमगले. ती हकिगत अमेरिकेतली आहे, पण ऐकण्यासारखी आहे.

तिकडे काही मुलांच्या डोळ्यांत अशी पांढरी झाक दिसली. डॉक्टरांना वाटले, कर्करोग. जीव वाचावा म्हणून त्यांनी डोळे काढले. काढलेले डोळे तपासणीसाठी ठेवलेले होते. हेलेनॉर वाइल्डर नावाच्या बाईंनी असे डोळे सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिले. पातळ पातळ काप करून पाहिले. त्यांनी १९५० साली लिहिले की, ४६ डोळ्यांपैकी २४ डोळ्यांत कर्करोग नव्हे, बारीक अळी किंवा तिचे अवशेष आहेत. अळी कसली, ते तेव्हा ठरले नव्हते. पुढे १९५२ साली न्यू ऑर्लिन्स शहरात बीव्हर आणि त्यांच्या सोबत्यांनी काही आजारी मुले तपासली. ताप, सुजलेले यकृत, रक्तात त्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या. यकृताचा कण काढून पाहिला तर त्यात अळी. ती कुत्र्याच्या किंवा मांजराच्या जंताची, असे त्यांनी दाखवले. मग १९५६ साली निकोल्स यांनी डोळ्यांतल्या अळ्या पुन्हा निरखल्या. त्यांतही तीच अळी निघाली. हजारो वर्षे कुत्रे माणसाच्या दारात आहे आणि त्याचा हा जंत माणसाला बाधतो हे कळायला १९५२ साल उजाडावे लागले! त्या बाईंनी काढून ठेवलेले डोळे पुन्हा पाहिले नसते तर आणखी किती वर्षे गेली असती कोण जाणे.

मांजराचे नाव आले म्हणून सांगतो. मांजराचाही असाच एक जंत असतो आणि तोही माणसाला बाधतो. आपल्याकडे घर बांधायला वाळूचा ढीग आणून टाकतात. मांजराला वाळू आवडते, कुत्र्यालाही आवडते आणि मुलांना तर फारच आवडते. रात्री त्यात मांजर विष्ठा करून झाकून जाते, दिवसा मुले त्यात घरटी करतात. वाळूच्या ढिगावर ताडपत्री टाका. नाहीतर जुनी पोती पसरा आणि कडेला दगड ठेवा. कामाला लागेपर्यंत ढीग झाकलेला असू द्या. अंगणवाडीच्या आणि शाळेच्या आवाराला कूड घाला. काटेरी फांद्यांचा घातला तरी चालेल, फक्त कुत्रे आत येता कामा नये.

मुख्य काम मात्र पिल्लांपाशी आहे. मोठी कुत्री अंडी टाकतात, नाही असे नाही. पण सगळ्यांत जास्त अंडी टाकतात ती पिल्ले आणि त्यांना पाजणारी आई. आई पिल्लांना चाटते, त्यांची घाण चाटून साफ करते, त्यात तिलाही पुन्हा जंत होतात. म्हणून औषध पिल्लांना आणि आईला एकाच वेळी द्यायचे.

पहिले औषध पिल्लू दोन आठवड्यांचे झाल्यावर. दोनच आठवडे का? तिसऱ्या आठवड्यात अंडी पडू लागतात, त्याच्या आधी जंत मारायचे म्हणून. लोक पिल्लू खाऊपिऊ लागले, दोन महिन्यांचे झाले, की औषधाचे बघतात. तोवर अंगणात लाखो अंडी पडून गेलेली असतात. मग एकदाच देऊन का भागत नाही? कारण औषधाने आतड्यातले जंत मरतात. ज्या अळ्या अजून यकृतात, फुप्फुसात आहेत त्या मागून येतात. त्या आल्या की पुन्हा औषध. म्हणून दोन, चार, सहा आणि आठ आठवड्यांनी द्यायचे. पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत महिन्यातून एकदा. मग तीन महिन्यांतून एकदा. यात चालढकल झाली तर मागचे केलेले बरेचसे फुकट जाते.

औषधे दोन-तीन जातींची आहेत. पायरँटेल आहे, फेनबेंडॅझोल आहे, जुने पायपराझिन आहे. कोणते द्यायचे ते गुरांच्या दवाखान्यात विचारा. औषध वजनावर असते. शेळीसाठी आणलेले उरले म्हणून अंदाजाने पाजू नका. दोन आठवड्यांचे पिल्लू मुठीएवढे असते, त्याला अंदाज सोसत नाही. पिल्लू पिशवीत घालून दुकानाच्या काट्यावर वजन करा. दुकानदार आधी नाक मुरडील, मग स्वतःच्या कुत्र्याच्या पिल्लालाही घेऊन येईल. औषध पातळ असले तर गालाच्या कडेने थेंब थेंब सोडा. मान वर करून घटाघट ओतू नका, श्वासनळीत जाईल. औषधानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विष्ठेतून जंत पडतील. एकदम पुष्कळ पडले तर बायका घाबरतात. घाबरायचे काही नाही, औषध लागू पडले एवढाच त्याचा अर्थ. पण ते जंत तिथेच राहू देऊ नका. मेलेल्या मादी जंताच्या पोटात अंडी असतात.

ते उचलायचे कसे आणि टाकायचे कुठे? विष्ठेवर राख किंवा माती टाका, फावड्याने खालच्या थोड्या मातीसकट उचला. हात-दीड हात खोल खड्डा करून ठेवा, विहिरीपासून आणि भाजीच्या वाफ्यापासून दूर. त्यात टाकून वर माती लोटा. उकिरड्यावर टाकू नका. उकिरड्याचे खत शेतात जाते, शेतातून अंडी कोथिंबिरीवर आणि मुळ्यावर येतात. पिल्ले ज्या पोत्यावर वाढली ते पोते जाळून टाका. जिथे पिल्ले महिनाभर लोळली तिथली वरची माती खरवडून खड्ड्यात घाला. फरशी असली तर उकळते पाणी ओता.

आणि लेकराचे हात. जेवणाआधी, मातीत खेळून आल्यावर, पिल्लाला खेळवल्यावर साबणाने चोळून धुवा. अंडे चिकट असते, नुसते पाणी दाखवून निघत नाही, चोळले की निघते. नखे वाढू देऊ नका. कच्ची खायची भाजी दोन-तीन पाण्यांनी धुवा. मूल माती खात असेल तर नुसते मारून ते थांबत नाही. अंगात रक्त कमी असले की मुले माती खातात, असे पुष्कळदा दिसते. आशाताईंना दाखवा, रक्त तपासून घ्या. पोटुशी बाईलाही मातीचे डोहाळे लागतात. तिलाही हेच सांगणे.

मघापासून एक आजोबा हात वर करून बसले आहेत. ते विचारतात, घरच्या कुत्र्याचे ठीक, पण देवळामागे गावकुत्री व्याली तिचे कोण बघणार? प्रश्न खरा आहे. सगळ्यांत जास्त घाण तिथलीच असते.

आपल्याकडे यावर एक जुना उपाय आहे. पिल्ले पोत्यात भरायची आणि शिवेपलीकडे सोडून यायची. हा उपाय नव्हे. पलीकडच्या गावातही अंगणे आहेत, लेकरे आहेत. आणि त्या गावचे लोकही त्यांची पिल्ले आपल्या शिवेत सोडतातच. शिवाय मुक्या जनावराला असे टाकून देणे १९६० सालच्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. आम्हाला विचाराल तर जे कुत्रे कोणाचे नाही ते सगळ्या गावाचे. तिला रोज कोणीतरी भाकर टाकतेच. त्या माणसाला ती जवळ येऊ देते. त्यानेच आधी तिला पोटभर खायला घालावे, मग दुसऱ्याने एकेक पिल्लू उचलून औषध द्यावे. तिचे स्वतःचे औषध भाकरीच्या गोळ्यातून जाते. औषधाचा खर्च चार घरांत वाटला तर कोणाला जड नाही. आणि कुत्रीचे ऑपरेशन करून घेतले तर पुढची वीतच टळते. २०२३ सालच्या नियमांनी हे काम गावाच्या पंचायतीकडे दिले आहे. ग्रामसभेत उठून विचारा. पिसाळण्याची लस वेगळी, तिच्याविषयी पुन्हा कधी बोलू. पण कुत्री हाताशी आलीच असेल तर तीही त्याच वेळी टोचून घ्यावी.

तारखा लक्षात कशा ठेवायच्या, असे या बाई विचारतात. तुमच्या भिंतीवर कॅलेंडर आहे. पिल्ले झाली त्या तारखेला पेन्सिलीने गोल करा. आता वार बघा. पिल्ले सोमवारी झाली असतील तर एक सोमवार सोडून पुढच्या सोमवारी पहिले औषध. पुन्हा एक सोमवार सोडून दुसरे. ३ ऑगस्टला झाली, तर १७ ऑगस्टला पहिले, ३१ ऑगस्टला दुसरे, १४ सप्टेंबरला तिसरे, २८ सप्टेंबरला चौथे. वार तोच राहतो. प्रत्येक तारखेपुढे 'जंत' एवढा शब्द लिहा. औषध दिले की त्यावर फुली मारा. ज्यांच्याकडे आज पिल्ले आहेत त्यांनी सभा संपल्यावर थांबा. आम्ही कॅलेंडर आणले आहे, तुमच्या तारखा इथेच काढू.